पोर्टहोल, गनपोर्ट, डेडलाइट : मराठीत काय लिहावं?

प्रश्न : युद्धनौकांवरचा मजकूर मराठीत आणताना तिन्हींना 'गवाक्ष' चालेल का? डेडलाइटला कुणी 'मृतदीप' सुचवलंय.

उत्तर : 'मृतदीप' आधी खोडा. डेडलाइट हा दिवाच नव्हे. पोर्टहोलच्या, म्हणजे जहाजाच्या गोल खिडकीच्या, काचेवर आतून बसणारं, बिजागरीचं धातूचं झाकण आहे ते. लाटेनं काच फुटली तर पाणी अडवायचं आणि युद्धकाळात रात्री उजेड बाहेर जाऊ द्यायचा नाही, ही त्याची कामं. 'आतली झडप' पुरे.

गनपोर्टला काच नसते. लाकडी जहाजाच्या कुशीत तोफेसाठी कापलेली चौकोनी मोरी आणि वरून बिजागरीवर लोंबणारं जाड फळकुट. शांत समुद्रात उघडी ठेवली की खालच्या डेकला हवा-उजेड मिळे; वारा वाढला की बंद. १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोममध्ये स्वीडनची युद्धनौका 'वासा' पहिल्याच सफरीत कलंडली, ती उघड्या खालच्या गनपोर्टांतून पाणी शिरून. 'तोफमोरी' लिहा.

दुसरं मत : मोरी म्हटलं की भांडी घासायची जागा आठवते! 'तोफखिडकी' बरं. पण ती प्रत्येक डेकला नसते. वाडियांनी मुंबईत सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' (१८१७) फ्रिगेट आहे, म्हणजे मुख्य तोफा एकाच डेकवर असलेली युद्धनौका. खलाशी झोपत त्या खालच्या डेकवर तोफा नाहीत, म्हणून तोफखिडक्याही नाहीत. अशा जहाजांत उजेड जाळीदार झाकणांतून येई आणि हवेसाठी कापडी नळी, म्हणजे विंडसेल, वरून सोडत.

पुन्हा पहिले उत्तर देणारे : मान्य, तोफखिडकी. 'गवाक्ष' फक्त पोर्टहोलला ठेवा; संवादात मात्र पोर्टहोलच, खलाशी गवाक्ष म्हणणार नाही. ब्रिटिश नौदलात त्यालाच 'स्कटल' म्हणतात आणि तिथे खरा सापळा आहे, कारण क्रियापद म्हणून त्याचा अर्थ स्वतःचं जहाज मुद्दाम बुडवणं. २१ जून १९१९ ला स्कॉटलंडच्या स्कापा फ्लो या नौदल तळावर जर्मनांनी आपला ताफा बुडवला, तेव्हा पोर्टहोलही आधीच सैल करून ठेवले होते. एकाच परिच्छेदात दोन्ही अर्थ येऊ शकतात.

तिसरं मत : 'डॉग' म्हणजे कुत्रा नव्हे, हेही लिहून ठेवा. झडप आवळणारे कानवाले नट ते. एक घट्ट, मग समोरासमोरचा दुसरा, असे आळीपाळीनं आवळतात. एकाच बाजूनं आवळले तर झडपेच्या कडेचं रबर तिरपं दबतं आणि दुसरीकडून पाणी झिरपतं. रबरावर रंगाचा हात फिरला तरी तेच. तपासायला चौकटीच्या कडेला खडू फासून झडप बंद करायची. उघडल्यावर रबरावर रेघ कुठे तुटली असेल तर तिथे गळणार.

प्रश्न : मग 'पोर्टहोलमधून वायुवीजन' हे वाक्य?

उत्तर : जुन्या जहाजांना ठीक. १९१६ मध्ये 'ब्रिटानिक' या इस्पितळ-जहाजाचे पोर्टहोल वॉर्डात हवा यावी म्हणून उघडे होते. सुरुंग लागल्यावर त्यांतूनही पाणी भरलं आणि ते ५५ मिनिटांत बुडालं. आजच्या युद्धनौकेचं पोट बंदिस्त असतं. रासायनिक हल्ल्यात गाळलेली हवा आत ढकलून दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे फट असली तरी हवा बाहेरच जाते. तिथे 'यांत्रिक वायुवीजन' लिहा.