अनुभव लिहा: टीव्हीमागच्या वायरी तुम्ही कशा जुळवल्या?

दिवाळीत आमच्याकडे, जळगावला, ४३ इंची टीव्ही आला. भिंतीवर लटकवून कारागीर निघून गेला आणि खाली तीन वस्तू उरल्या: केबलचा सेटटॉप बॉक्स, बाबांचा व्हीसीआर आणि होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे स्पीकर वाजवणारा डबा. टीव्हीच्या मागे एचडीएमआयची (चित्र-आवाज एकाच वायरीने नेणारी) तीन भोकं आणि हेडफोनच्या पिनेएवढं एक छिद्र. पिवळी-पांढरी-लाल पिन खुपसायला जागाच नाही! त्यात माझे दोन रविवार गेले. तुमचेही गेले असतील, तर लिहा. 'सर्व्हिसवाल्याला बोलवा' हा सल्ला मात्र नको. आमच्याकडचा चार दिवसांनी येतो, रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबतो आणि तीनशे रुपये घेऊन जातो.

आधी माझंच सांगतो. त्या छिद्रात मी जुन्या हँडीकॅमची वायर घातली: एका टोकाला बारीक पिन, दुसऱ्याला तीन रंगांच्या. दिसायला टीव्हीसोबत येते हुबेहूब तशीच. पण चित्राच्या जागी काळोख आणि स्पीकरमधून घूं घूं. त्या पिनेवर तीन काळ्या कड्या असतात, म्हणजे चार जोड, आणि कोणत्या जोडावर चित्र नि कोणत्यावर आवाज हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. वैतागून व्हीसीआरच्या पिवळ्या भोकात त्या वायरीची लाल पिन घातली आणि चित्र आलं! दरवेळी जमेलच असं नाही. अर्थचा जोडच वेगळ्या कडीवर असेल तर टीव्हीसोबतचीच वायर लागते.

अमळनेरहून
आमच्या आईने वर्षभर एचडी पॅकचे पैसे भरले आणि बॉक्स जोडलेला तीन रंगांच्या वायरीने. त्या वायरीतून ५७६ रेषांच्या वर चित्र जातच नाही. आखाजीला गेलो तेव्हा बातम्या देणारी बाई गालगुंड झाल्यासारखी दिसत होती. मी टीव्हीमागे डोकं घातलं तशी मावशी ओरडली, "काय करी ऱ्हायना रे? चांगला चाली ऱ्हायना ना टीव्ही!" एचडीएमआय लावली तरी गाल तसेच. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये ४:३ चं १६:९ आणि ५७६ चं १०८० केलं, तेव्हा बाई माणसात आली. एचडी चॅनेलचा नंबर वेगळा असतो हे आईला तीनदा सांगितलं. ती अजून जुनाच दाबते.

भुसावळहून
माझं प्रकरण महागात पडलं. केबलची वायर गल्लीतल्या चार गच्च्यांवरून येते. बॉक्समधून ती काढली की बोटाला मुंग्या यायच्या. मे महिना, ४५ अंशांचं ऊन, घामाचे हात. वाटलं, आपलाच भास. एक दिवस टीव्ही-बॉक्स चालू असतानाच एचडीएमआय खुपसली. बारीकशी चट् झाली आणि एचडीएमआय १ कायमचं गेलं. नंतर वायरमनने केबलच्या बाहेरच्या जाळीला टेस्टर लावला तर दिवा मंद पेटला. गल्लीतल्या कुठल्यातरी अँप्लिफायरची गळती त्या जाळीतून घरात येत होती, आणि आमच्या घराची अर्थिंग उन्हाळ्यात खड्डा सुकल्याने नावापुरतीच. मग जाळी आणि घराची अर्थिंग यांच्या व्होल्टेजमधला फरक एचडीएमआयच्या पिनांतून निघाला. आता आधी सगळे प्लग काढतो, मग एचडीएमआय, मग केबल, शेवटी मेन. आणि मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात रोज एक बादली पाणी. घरचे हसतात.

धुळ्याहून
माझा रिसीव्हर २०१२ चा. फोर-के बॉक्स त्यातून टीव्हीला नेला तर पडदा काळा, आवाज मात्र खणखणीत. कारण कॉपी अडवणारं जे कुलूप असतं, एचडीसीपी, त्याची २.२ ही आवृत्ती २०१३ ची. माझ्या रिसीव्हरला ती किल्ली माहीतच नाही. उपाय सोपा निघाला. बॉक्स थेट टीव्हीला जोडला आणि रिसीव्हर टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या भोकात. आवाज त्याच वायरीने टीव्हीतून उलटा रिसीव्हरला येतो. हे २००९ पासून आहे, पण टीव्हीच्या मेनूत सीईसी (जोडलेल्या वस्तूंनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय) चालू केल्याशिवाय बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि हे नाव मेनूत सापडेल तर शपथ: कुणाचं सिम्पलिंक, कुणाचं ॲनीनेट प्लस, कुणाचं ब्राव्हिया सिंक.

नंदुरबारहून
ऑप्टिकल वायर (आवाज उजेडातून नेणारी) आणली, दोन दिवस आवाज नाही. तिच्या टोकाला पारदर्शक प्लास्टिकची टोपी असते. ती काढायची असते. एवढंच.

शिरपूरहून
सासऱ्यांकडे व्हीसीआर आणि आमच्या लग्नाची कॅसेट, १९९४ ची. टीव्ही जरा आधीचा, त्यामुळे हिरवं-निळं-लाल भोकांची रांग होती. हिरव्याला पिवळी कड. पिवळी पिन त्यात घातली, चित्र आलं, पण काळंपांढरं. सासरे म्हणाले, "कॅसेट उतरली." मीही मान डोलावली. आजेसासू मात्र खाटेवरून म्हणत राहिल्या की शालू हिरवा होता. त्या रांगेत हिरवं भोक दोन कामं करतं: कंपोनंट (चित्र तीन भोकांतून घेणारं इनपुट) निवडलं तर त्यातून फक्त उजेड-अंधार घेतला जातो, रंग निळ्या-लाल भोकांतून यायची वाट बघतो. इनपुट कंपोनंटवरून एव्हीवर, म्हणजे एकट्या पिवळ्या पिनेच्या चित्रावर, नेलं आणि शालू हिरवागार झाला. आजी म्हणाल्या, "आते दिखना!"

चित्र धूसरच राहणार. व्हीएचएस कॅसेटला साधारण २४० रेषांचा बारकावा, त्यावर ४३ इंच कुठून भरून काढणार? पण पडदा ४:३ वर ठेवा, नाहीतर नवरदेव आडवा वाढतो.

जळगावहून पुन्हा मीच
शिरपूरकर, हिरव्या भोकाबद्दल आभार, भावाच्या टीव्हीला हेच झालं होतं. नवे व्हीसीआर बनवणं २०१६ च्या जुलैतच बंद झालंय, म्हणून मी कॅसेटी यूएसबी कॅप्चरने (व्हीसीआरचं चित्र लॅपटॉपला देणारी डबी) लॅपटॉपवर उतरवतोय. दोन झाल्या. तिसरीच्या रिळावर पांढरी बुरशी आहे, ती अजून व्हीसीआरमध्ये घातलेली नाही. हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागली तर पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागेल. ती कुणी घरी साफ केली असेल तर कशी केली तेवढं लिहा.