गोधडीचा टॉप जोडून झाला; आता वर नक्षी कशाला?

सुईदोरा, दादर
आईच्या जुन्या सुती साड्यांच्या गोधडीचा टॉप, म्हणजे वरचा थर, परवा जोडून संपला. 60 बाय 80 इंच, 10 इंची 48 ब्लॉक. निम्मे ठिगळांचे, निम्मे साधे पांढरे, बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून. आत सुती बॅटिंग, म्हणजे कापसाचा मधला थर, खाली आईचीच दोन मऊ पातळं जोडून अस्तर. क्लासमधल्या बाई म्हणाल्या, तिन्ही थर शिवताना पांढऱ्या चौकोनांत टाक्यांनी पिसांची नक्षी काढा, टॉप खुलेल. मला हे अजिबात मान्य नाही. आईच्या साड्यांचे काठ, बुट्ट्या, विटलेला मोरपिशी रंग, एवढं सगळं आधीच आहे. त्यावर पिसं कशाला? इंचाइंचावर सरळ धावदोरा घालावा, आडवा नाही की तिरका नाही. गोधडीची शोभा तिच्या कापडात असते. कोणाला वेगळं वाटत असेल तर जरूर सांगा, पण कारणासकट.

बोरिवलीची काकू
अगं, कारण तुझ्याच टॉपमध्ये आहे. बुट्टीच्या कापडावर टाका दिसतच नाही. तिथे तू पिसं घाल नाहीतर हत्ती घाल, सगळं बुडून जाणार. तिथे जोडालगत शिवलंस तरी पुरे. पण 24 पांढरे चौकोन तूच मध्ये ठेवलेस ना? ते डोळ्यांना विसावा म्हणून आहेत. तिथे ऊन तिरकं पडलं की टाक्याची सावली उठते. ठिगळं सगळी काटकोनातली, म्हणून पांढऱ्यात काहीतरी गोलाईचं हवं. पिसं नकोत हे मलाही पटतं, त्यांचा थाट सुती पातळाशी जुळत नाही. पण सरसकट सरळ रेषा म्हणजे निर्णय टाळणं आहे.

परळकर
काकू, माफ करा, पण हे 'ठरवणं'च मला खुपतं. आजी बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांच्या खोलीत राहायची. गोधडी पसरायला गॅलरी. कडेपासून दोरा घालायची आणि चौकोनात फिरत फिरत आत यायची. ना खडू, ना पट्टी. ओळ वाकडी झाली तर पुढची तिच्याबरोबर वाकायची. म्हणून त्या गोधड्या जिवंत वाटतात. आधी कागदावर आखलेली गोधडी मला चादरीसारखी वाटते.

चौकडा, मुलुंड
परळकर, तुमच्या आजीची रीत सुंदर आहे, पण ती इथे जशीच्या तशी चालणार नाही. उत्तर कन्नडातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची ठिगळांची गोधडी, शिवतात तेव्हा त्याही कडेपासून आत येतात. पण त्या ठिगळं शिवतानाच ठेवत जातात. कुठे झोळ आला तर पुढचं ठिगळ तो सामावून घेतं. सुईदोरांचा टॉप आधीच जोडलेला आहे, माप ठरलेलं आहे. कडेपासून आत गेलात तर सगळा झोळ मध्यावर साचेल आणि तिथे चुणी पडेल. जोडलेला टॉप मध्यापासून बाहेर शिवायचा, त्याआधी तिन्ही थर हातभर अंतरावर नाही, चांगले चार-चार बोटांवर कच्चे टाके घालून बांधायचे. हा कंटाळवाणा भाग आहे, पण इथेच गोधडी बिघडते किंवा निभावते.
आणि सर्वांत आधी बॅटिंगच्या पाकिटावर काय लिहिलंय ते बघा. दोन शिलायांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल हे त्यावर असतं. ते ओलांडलं तर काही धुण्यांनंतर आतला कापूस सरकून गोळे होतात. नक्षीची चर्चा त्यानंतर.

सुईदोरा, दादर
पाकिटावर 4 इंच आहे. म्हणजे इंचावरचा धावदोरा अगदी सुरक्षित. हिशेबही केला: 80 इंचांच्या साधारण 60 रेषा, म्हणजे जवळपास 122 मीटर टाके. हाताने करीन, पावसाळा जाईल.

बोरिवलीची काकू
हाताने घाल, छानच. मशीनच्या सुईशेजारी सहा-सात इंचच जागा असते, 60 इंचांची गुंडाळी त्यात कोंबताना खांदे भरून येतात. पण एक विनंती. पांढऱ्या चौकोनात करंजी काढून बघ. 14 इंच व्यासाचं ताट घे, एका कोपऱ्यावरून शेजारच्या कोपऱ्यापर्यंत कमान मार, चारी बाजूंना. ताटाची कड त्या 10 इंचांत नेमकी बसते. शेजारच्या ब्लॉकच्या जोडाशी मिळून करंजीचा आकार येतो. आखायला इस्त्रीने उडणारं पेन मात्र वापरू नकोस. मी वापरलं होतं. भाचीने ती रजई कॅनडाला नेली, एक रात्र गाडीच्या डिकीत कडाक्याच्या थंडीत राहिली आणि सगळ्या रेषा परत उमटल्या. गडद कापडावर साबणाची पातळ चिप, पांढऱ्यावर हलक्या हाताने पेन्सिल.

चौकडा, मुलुंड
करंज्या चांगल्या, पण मध्ये जवळजवळ 6 इंच जागा मोकळी राहते. 4 इंचांच्या बॅटिंगला ते चालणार नाही. शिवाय करंज्यांच्या आत दाट टाके भरलेत आणि ठिगळांत विरळ ठेवलेत तर दाट भाग आक्रसेल आणि बाकीचा फुगेल. घनता सगळीकडे साधारण सारखी ठेवा. डायनिंग टेबलावर घालतो ते पारदर्शक प्लास्टिक टॉपवर पसरून मार्करने काढून बघा. प्लास्टिकच्या कडेला रंगीत टेप लावा, नाहीतर मार्कर घसरून साडीवर जातो.

परळकर
अजूनही मन मानत नाही. पण चुणीचा मुद्दा बरोबर आहे. आजीही ठिगळं शिवता शिवताच ठेवायची, हे आत्ता लक्षात आलं.

सुईदोरा, दादर
काल प्लास्टिकवर काढलं. आधी माझ्या सरळ रेषा: पांढऱ्या चौकोनांत त्या वहीच्या पानासारख्या दिसल्या, हे कबूल. मग परातीच्या कडेने करंज्या. मधल्या मोकळ्या जागेतून आडवी एक, उभी एक अशा दोन रेषा नेल्या की कुठेच 4 इंचांहून मोठी फट उरत नाही, आणि त्याच रेषा ठिगळांच्या ब्लॉकमध्ये धावदोरा होऊन पुढे जातात. ठिगळांत मात्र सरळ दोराच घालणार, तिथे मी ऐकणार नाही. आईच्या काठांवरून वळणदार काहीही जाऊ देणार नाही. रविवारी शेजारच्यांचा हॉल मागितला आहे, कच्चे टाके घालायला. काकू, परात घेऊन याल का? माझी 12 इंची आहे.