मदत हवी आहे: नॅसमध्ये एसएसडी टाकताना कॅश करावी की वेगळा व्हॉल्यूम?

नमस्कार मंडळी. घरी चार खणांचा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी) आहे. ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क रेड ५ मध्ये लावल्यात (एका डिस्कएवढी जागा सुरक्षिततेसाठी जाते), म्हणजे वापरायला १२ टीबी. घरातल्या सगळ्यांचे फोटो, लॅपटॉपचे बॅकअप आणि डॉकरवर (ॲप वेगळ्या कप्प्यात चालवणारी प्रणाली) इमिच हे फोटो बघायचं ॲप असा वापर आहे. एम.२ एनव्हीएमईचे, म्हणजे छोट्या वेगवान एसएसडीचे, दोन स्लॉट रिकामे आहेत.

मोठी फाइल टाकली की वेग सेकंदाला ११० एमबीपर्यंत जातो, तिथे तक्रार नाही. अडचण फोटोंची आहे. पाच-सहा वर्षं मागचा महिना उघडला की आधी नुसते राखाडी चौकोन दिसतात, डिस्क करकरायला लागतात आणि मग एकेक फोटो उमटतो. घरातली मोठी माणसं तेवढ्यात कंटाळून फोन खाली ठेवतात. फोटो जपून ठेवलेत ते बघण्यासाठीच, म्हणून हे मनापासून सुधारायचं आहे. एसएसडी टाकून फरक पडेल का? आणि कॅश केली, म्हणजे सतत लागणाऱ्या डेटाची प्रत एसएसडीवर ठेवली, तर एक पुरेल की दोन लागतील?

प्रतिसाद १

११० एमबी ही तुमच्या गिगाबिट नेटवर्कची मर्यादा आहे, एसएसडीने ती हलणार नाही. पण राखाडी चौकोनांचं दुखणं वेगळं आहे. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. त्यात हेड जागेवर न्यायचा वेळ धरला तर सेकंदाला जेमतेम शंभरेक विखुरलेली वाचनं होतात. थंबनेल (फोटोंच्या छोट्या प्रती) म्हणजे नेमक्या अशाच हजारो बारक्या फाइली. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे हीच कामं ती सेकंदाला हजारोंनी करते.

तरीही मी कॅश करणार नाही. कॅशमध्ये राहतं ते वारंवार वाचलेलं. वर्षातून एकदा उघडलेला महिना तिथे सापडणारच नाही, पहिल्या वेळी डिस्कच फिरणार. दोन्ही एसएसडी मिरर करून (दोन्हींवर तोच डेटा ठेवून) वेगळा व्हॉल्यूम, म्हणजे स्वतंत्र साठवणजागा, बनवा आणि इमिचचा डेटाबेस व थंबनेल तिकडे न्या. मूळ फोटो हार्ड डिस्कवरच राहू द्या.

प्रतिसाद २

सहमत. वाचन-लेखन दोन्ही सांभाळणाऱ्या रीड-राइट कॅशपासून तर दूरच राहा. डिस्कवर अजून न उतरलेला डेटा एसएसडीत असतो, ती गेली तर अख्खा व्हॉल्यूम बिघडू शकतो. म्हणून तिथे दोन एसएसडीचा मिरर लागतोच. नुसत्या रीड कॅशला एक पुरते, कारण ती मेली तरी मूळ प्रत डिस्कवर असते.

खरेदीआधी नॅस बनवणाऱ्या कंपनीची सुसंगत ड्राइव्हची यादी नक्की बघा. काही मॉडेलवर एम.२ स्लॉट फक्त कॅशसाठीच चालतात, तसं असेल तर वेगळ्या व्हॉल्यूमचा बेतच बारगळतो. एसएसडीच्या प्रकारांत क्यूएलसीपेक्षा जास्त टिकणारी टीएलसी घ्या. १ टीबीच्या टीएलसीला बहुधा ६०० टीबीडब्ल्यूच्या (एकूण इतके टीबी लिहिण्याच्या) आसपास हमी असते, घरगुती वापराला ती भरपूर झाली. आणि रॅम किती आहे? कमी असेल तर आधी ती वाढवा. डेटाबेसला तिचाही मोठा आधार असतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रॅम ८ जीबी आहे, निम्मी रिकामीच असते. यादी तपासली, माझ्या मॉडेलवर एम.२ वर व्हॉल्यूम बनवता येतो. एकच शंका: थंबनेल हलवले आणि मूळ फोटो तिथेच ठेवले तर इमिच गोंधळणार नाही ना?

प्रतिसाद १

नाही. थंबनेलचं फोल्डर वेगळंच असतं. कंटेनर (इमिच चालतो तो डॉकरचा कप्पा) बंद करा, ते फोल्डर नव्या व्हॉल्यूमवर कॉपी करा आणि कंपोज फाइलमध्ये (डॉकरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) कंटेनरच्या आतला मार्ग तोच ठेवून फक्त बाहेरचा बदला. डेटाबेसचंही तसंच, पण त्याचा डंप (पूर्ण प्रत) आधी काढून ठेवा. जुनी फोल्डरं लगेच उडवू नका, सगळे महिने नीट उघडतात हे आधी बघा. मिरर असला तरी डेटाबेसचा रोजचा बॅकअप हार्ड डिस्कवर पडू द्या, कारण चुकून काही पुसलं तर मिररवर दोन्हीकडून पुसलं जातं.