अनुभव धागा: कुत्र्याची खाज, पाय कुरतडणे आणि आपण केलेले उपाय

आमचा लॅब्राडॉर गोट्या दोन वर्षांचा असताना जुलैतल्या एका रात्री दीडच्या सुमारास 'चप् चप्' असा एकसारखा आवाज येऊन आम्हाला जाग आली. नळ गळत असावा असे वाटून मी मोरीत जाऊन आलो, तर गोट्या खाटेखाली पुढचा पंजा तोंडात धरून तो चाटत आणि मधूनच पुढच्या दातांनी कुरतडत बसला होता. महिनाभरात पोट लालसर झाले आणि कानांना वास येऊ लागला. त्याचे पिवळट पंजे लाळेने तांबूस पडले, आणि घरात पाऊल टाकताच जुन्या ओल्या गोणपाटासारखा एक आंबूस दर्प नाकात शिरू लागला.

त्या वर्षी आम्ही तीन ठिकाणी दाखवले आणि तिन्ही ठिकाणी स्टेरॉइडचे इंजेक्शन मिळाले. प्रत्येक वेळी दुसऱ्याच दिवशी खाज थांबे, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकत असू, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तेच सुरू होई. चौथ्या डॉक्टरांनी मात्र सुई हातात घेण्याआधी अर्धा तास प्रश्न विचारले. खाज कोणत्या वयात सुरू झाली, आधी कुठे सुरू झाली, बाराही महिने असते की ठरावीक ऋतूत, घरातल्या माणसांना खाज येते का, खाण्यात काय काय आहे आणि गोचिडांची शेवटची गोळी नेमकी कधी दिली, हे ते प्रश्न होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. मग त्यांनी बोटांच्या बेचक्यात साधी चिकटपट्टी दाबून उचलली, ती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मलाही पाहायला लावली. भुईमुगाच्या शेंगेसारख्या आकाराचे असंख्य जांभळे ठिपके दिसले. ते मॅलासेझिया नावाचे यीस्ट होते. हे यीस्ट निरोगी कुत्र्याच्या त्वचेवरही थोड्या प्रमाणात असते, पण मूळच्या ॲलर्जीने त्वचा बिघडली की ते माजते आणि स्वतःची वेगळी खाज वाढवते, असे त्यांनी समजावून सांगितले.

क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनाझोल असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा सुरू झाला. फेस अंगावर दहा मिनिटे राहिला पाहिजे, अशी अट होती. बत्तीस किलोच्या ओल्या लॅब्राडॉरला न्हाणीघरात घड्याळ लावून दहा मिनिटे धरून ठेवणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच कळेल. यीस्ट आटोक्यात आल्यावर जी खाज उरली ती धूळ, परागकण अशा हवेतल्या गोष्टींच्या ॲलर्जीची, म्हणजे ॲटोपीची ठरली. पिसवा आणि आहार ही कारणे आधी वगळली गेली, तेव्हाच हे निदान झाले. आता ऑक्लासिटिनिब ही खाज थांबवणारी गोळी पावसाळ्यात नियमित द्यावी लागते आणि एरवी डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करता येते.

आपले अनुभव मोकळेपणाने लिहावेत, ही विनंती. खाज अंगावर नेमकी कुठे होती, कारण काय निघाले आणि फरक पडायला किती आठवडे लागले, हे आवर्जून लिहावे. काय चुकले तेही लिहावे, कारण त्याचाच इतरांना जास्त उपयोग होतो. औषधाचे प्रमाण मात्र लिहू नये. ते वजन, वय आणि इतर आजारांवर ठरते.

(पुढे आलेले प्रतिसाद आहेत; प्रत्येकाच्या वर लिहिणाऱ्याचे गाव दिले आहे.)

— नाशिकहून

"आमच्याकडे पिसवा नाहीत" हे वाक्य मी डॉक्टरांना तीनदा ऐकवले होते, म्हणून आधी स्वतःचीच फजिती सांगते. आमची गावठी कुत्री राणी शेपटीच्या बुडाशी आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला इतकी चावून घेत असे की तिथले केस गेले होते आणि कातडी हत्तीसारखी जाड, काळी झाली होती. डॉक्टरांनी बारीक दातांची फणी त्या भागावरून फिरवली, निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर झटकली आणि दोन मिनिटे थांबायला सांगितले. एकेका काळ्या कणाभोवती गंजासारखे तांबूस वर्तुळ पसरत गेले. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे राणीचेच पचलेले रक्त. पिसू एकही दिसली नाही, कारण सतत चावणारे कुत्रे त्या स्वतःच गिळून टाकते. ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते त्याला मोजके दंशही पुरतात.

आमचे घर जुने, तळमजल्यावरचे आहे आणि शहाबादी फरशीच्या सांध्यांत बोटभर धूळ असते. अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा एकूण संख्येचा लहानसा भाग असतो. उरलेली अंडी, अळ्या आणि कोष याच सांध्यांत, गोधडीत आणि सोफ्याच्या फटीत असतात, आणि कोषातली पिसू तर महिनोन्‌महिने तग धरू शकते. त्यामुळे एक गोळी देऊन आम्ही "गुण येत नाही" म्हणत होतो ते चूकच होते. दर महिन्याला न चुकता गोळी, राणीची गोधडी दर आठवड्याला कढत पाण्यात आणि फटींतून रोज व्हॅक्यूम असे चार महिने केले, तेव्हा केस पुन्हा येऊ लागले. मध्यंतरी शौचाजवळ तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले. पिसू गिळल्याने होणारे ते टेपवर्म होते, म्हणून जंताचे औषधही द्यावे लागले.

एक गोष्ट कळकळीने सांगते. सुरुवातीला दुकानदाराने मानेवर टाकायचे पर्मेथ्रिनचे थेंब दिले होते. राणीला त्याने काही झाले नाही, पण तिच्या अंगाला अंग लावून झोपणारे आमचे मांजर संध्याकाळी थरथर कापू लागले. पर्मेथ्रिन मांजरांना विषारी असते. रात्रभर सलाइनवर राहून ते वाचले. घरात मांजर असेल तर कुत्र्याचे औषध घेतानाही ते सांगावे.

— कोल्हापूरहून

आमच्या गल्लीत एक पिल्लू लुतीने पार उघडे पडले होते. लोकांनी परंपरेप्रमाणे त्याच्यावर गॅरेजमधले जळके ऑइल ओतले होते. हा उपाय आमच्याकडे इतका रुळलेला आहे की कोणाला तो उपाय नव्हे असे वाटतच नाही, पण ते ऑइल कातडी भाजते आणि पिल्लू चाटून ते पोटातही घेते. मी त्याला उचलून घरी आणले. भांडी घासायच्या सौम्य साबणाने दोनदा धुऊन ऑइल काढले आणि दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी त्याच्या कानाची कड अंगठा आणि बोट यांच्यात धरून हलकेच चोळली, तर मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागला. कानाच्या कडा, कोपरे आणि पोट, तिथल्या खपल्या आणि ही पायाची झटक पाहिली की सार्कोप्टिक लूत असल्याचा दाट संशय घेतात. कातडी खरवडून केलेल्या तपासणीत किडे सापडले नाहीत, तरीही त्यांनी उपचार सुरू केले, कारण हे किडे पुष्कळदा हाती लागत नाहीत. दरम्यान माझ्या दंडावर आणि कमरेवर पुरळ उठले होते. ते पाहून डॉक्टर हसले आणि म्हणाले, "हाच तुमचा रिपोर्ट." माणसावर हे किडे टिकत नाहीत, पण काही दिवस चांगलाच त्रास देतात.

घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला खाज नसतानाही त्याच वेळी औषध दिले गेले. आयव्हरमेक्टिनबद्दल त्यांनी बजावले ते इथेही सांगतो. कोली जातीच्या किंवा तिच्या संकराच्या कुत्र्यांत एक जनुकीय दोष आढळतो आणि अशा कुत्र्याला लुतीसाठी लागणाऱ्या मोठ्या प्रमाणात ते औषध जिवावर बेतू शकते. म्हणून गुरांसाठी आणलेली बाटली घरच्या घरी कुत्र्याला टोचू नये. आमच्या पिल्लाला गोळी दिली आणि दीड महिन्यात त्याच्या अंगावर करडी लव आली. आता तो माझ्या खुर्चीत बसतो आणि मी मोड्यावर.

— मुंबईहून

वरच्या लुतीपेक्षा वेगळा प्रकार थोडक्यात नोंदवते. आमच्या पग पिल्लाच्या एका डोळ्याभोवती आणि ओठाच्या कडेला रुपयाएवढे केस गेले होते, पण खाज जवळजवळ नव्हती. परळच्या बैलघोडा रुग्णालयात कातडी खरवडून पाहिल्यावर डेमोडेक्स निघाला. हा किडा पिल्लाला जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत आईकडून मिळतो, माणसाला लागत नाही, आणि लहान वयातला असा एखाददुसरा चट्टा पुष्कळदा आपोआप भरून येतो. आम्हाला फक्त लक्ष ठेवायला सांगितले होते आणि चट्टा भरलाही. काहीही न करणे हा उपचार पाळायला फार कठीण गेला.

— डोंबिवलीहून

आमच्या बीगलची खाज बाराही महिने होती. कान, पंजे आणि शेपटीखालचा भाग ही तिची ठिकाणे होती, आणि दोन्ही कान सारखे पिकत असत. डॉक्टरांनी आठ आठवड्यांची आहार-चाचणी सांगितली. त्याने कधीही न खाल्लेले एक मांस आणि एक पिष्टमय पदार्थ एवढेच द्यायचे होते. आयुष्यभर तो चिकन आणि भात खात आला होता, म्हणून मटण आणि रताळे ठरले. रक्त तपासून अन्नाची ॲलर्जी ओळखून देण्याच्या जाहिराती आम्हीही पाहिल्या होत्या, पण त्या तपासण्या भरवशाच्या नाहीत आणि खाणे बदलून पाहण्याला पर्याय नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

पाचव्या आठवड्यातही फरक पडेना. एके दिवशी दुपारी मी लवकर घरी आलो, तर सासूबाई चहात बुडवलेले बिस्कीट बीगलच्या तोंडात अलगद ठेवत होत्या. विचारल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, अर्धेच तर देते." ते अर्धे बिस्कीट रोज दोनदा, पाच आठवडे चालू होते. बिस्किटात दूध आणि गहू, चहात पुन्हा दूध. चाचणी पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू केली. या वेळी सासूबाईंनाच त्याच्या ताटलीचा ताबा दिला, आणि खरे सांगायचे तर त्यांच्याइतकी कडक शिस्त आम्हा दोघांना जमली नसती. जंताची मांसाच्या चवीची गोळीसुद्धा त्यांनी पकडली आणि डॉक्टरांना फोन करून बिनचवीची मागवली.

सहाव्या आठवड्यात कान कोरडे झाले. मग निदान पक्के करण्यासाठी चिकन मुद्दाम पुन्हा दिले, तेव्हा चौथ्या दिवशी कान लाल. हा शेवटचा टप्पा पुष्कळजण टाळतात, पण त्याशिवाय गुण खाण्याने आला की ऋतू बदलल्याने, हे कळत नाही. नुसते मटण-रताळे कायमचे पुरत नाही, त्यात कॅल्शियमसारखे घटक कमी पडतात, म्हणून आता तो चिकन नसलेले तयार खाद्य खातो.

— नागपूरहून

आमच्या जर्मन शेफर्डच्या पुढच्या डाव्या पायावर मनगटाच्या वर चाटून चाटून एक टणक, ओला, केस गेलेला उंचवटा तयार झाला होता. मुलगा शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यानंतर हे सुरू झाले, त्यामुळे "त्याला करमत नाही" असे सगळ्यांनी ठरवून टाकले आणि आम्हीही ते मानले. आम्ही फिरणे वाढवले, खेळणी आणली आणि पाय चाटता येऊ नये म्हणून गळ्यात कोनही घातला. कोन काढला की तासाभरात जखम पुन्हा ओली होई. शेवटी एका डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे काढला तेव्हा जखमेखालच्याच सांध्यात संधिवात दिसला. कुत्रे दुखरी जागा चाटत होते आणि आम्ही त्याला मुलाच्या आठवणीचे प्रमाणपत्र देत होतो. वेदनाशामक आणि खोलवर गेलेल्या संसर्गासाठी प्रतिजैविकाचा लांब कोर्स, असे दोन्ही मिळून अडीच महिने लागले. करमत नसल्यामुळे चाटणारी कुत्री असतातच, पण ते कारण यादीत सर्वांत शेवटी असावे.

— रत्नागिरीहून

आमच्याकडे जून ते सप्टेंबर कुत्र्याचे पाय कोरडे राहतच नाहीत. फिरून आल्यावर जुन्या सुती साडीच्या तुकड्याने प्रत्येक बोटाची बेचकी वेगवेगळी टिपून घेणे, एवढ्या एका सवयीने आमच्या कुत्रीचे पंजे कुरतडणे निम्म्याने कमी झाले. खोबरेल तेल मात्र लावू नये. ती ते चाटते, म्हणजे चाटायला आणखी एक कारण मिळते.

— सांगलीहून

सुरुवातीच्या लेखातले इंजेक्शनबद्दलचे म्हणणे पटले, पण स्टेरॉइडला सरसकट खलनायक ठरवू नये, असे नम्रपणे सुचवतो. आमच्या कुत्र्याच्या गालावर एका रात्रीत तळहाताएवढी ओली जखम झाली होती आणि तो डोके भिंतीवर घासत होता. भोवतीचे केस कापून, जखम स्वच्छ करून, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, तेव्हा तो त्या रात्री झोपला. ऑक्लासिटिनिबसारख्या नव्या गोळ्या चांगल्या आहेत, पण मोठ्या कुत्र्याला त्या महिनोन्‌महिने देणे प्रत्येकाच्या खिशाला परवडत नाही, हेही खरे आहे. त्या दिवसांत आमच्या कुत्र्याला तहान, लघवी आणि भूक तिन्ही इतके वाढले की रात्री दोनदा बाहेर न्यावे लागे. गोळ्या एकदम बंद न करता उतरत्या प्रमाणात थांबवल्या, आणि सांधेदुखीची गोळी आधीपासून चालू आहे हे आम्ही आपणहून सांगितले म्हणून ती बंद झाली. दोन्ही एकत्र दिल्यास पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. माझा आक्षेप औषधाला नाही, कारण न शोधता ते दर महिन्याला टोचण्याला आहे.

— धागाकर्त्याकडून, पुण्याहून

सांगलीच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, आणि मूळ लेखात मला जे म्हणायचे होते ते तिथे अधिक नेमके आले आहे. नाशिकचा ओल्या कागदाचा प्रयोग मी काल गोट्यावर करून पाहिला. वर्तुळे उमटली नाहीत, तरी महिन्याची गोळी आम्ही चालूच ठेवत आहोत.

खाजेच्या रोजच्या नोंदींची वही कशी ठेवावी, असे एका वाचकाने मला वेगळे विचारले होते. आम्ही शाळेची शंभर पानी वही घेतली आहे. रोज झोपण्यापूर्वी शून्य ते दहा यांतला खाजेचा एक आकडा, खाजेची जागा, त्या दिवशीचे नवे खाणे आणि औषध एवढेच लिहितो. डॉक्टर आधी वहीच मागतात, गोट्याकडे नंतर पाहतात. कालची नोंद अशी आहे: "३. पुढचा उजवा पंजा, रात्री साडेनऊला, पाच मिनिटे. हाक मारल्यावर थांबला. अंघोळ उद्या."