कायझेन शीट नुसती टार्गेटपुरती भरतात, काय करावं?

चाकणवाला:
ऑटो पार्ट्सच्या कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे. आमच्याकडे माणशी महिन्याला दोन कायझेन (म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणा) लिहून देणं कंपल्सरी, त्यामुळे पंचवीस तारीख उलटली की सगळे धडाधड शीट भरतात, "डस्टबिनची जागा बदलली", "मशीनवर स्टिकर लावला" असलं कायतरी. मॅनेजर म्हणतात लोकांचा ॲटिट्यूडच नाही, ट्रेनिंग लावा. मला नाही पटत, कारण हीच पोरं चहाच्या वेळी मशीनचे एकेक भारी जुगाड सांगतात. कोणी ते बिहेवियरल सायन्स वगैरे वापरून बघितलंय का?

टूलरूमकाका:
ट्रेनिंगने काय होणारे. शीट टाकल्यावर पुढे काय होतं ते सांगा आधी. आमच्याकडे एका ऑपरेटरने लिहिलं की पार्ट पकडून ठेवणाऱ्या फिक्श्चरची लोकेटिंग पिन झिजलीय, पार्ट तिरका बसतो. पिन बदलायला अर्धा तास, पण हो नाही की नाही नाही, शेवटी त्याने लिहायचंच सोडलं. टोयोटात अँडनची (लाईनवर अडचण आली की इशारा द्यायची) दोरी ओढली की टीम लीडर तिथल्या तिथे येऊन उभा राहतो, म्हणून माणूस परत ओढतो. तुमच्याकडे शीटला उत्तर कोण देतं?

मेथड्सवाली:
काकांशी सहमत, पण मला वाटतं खरी गोम पैशात आहे. पाकिस्तानातल्या सियालकोटच्या फुटबॉल कारखान्यांत संशोधकांनी कटिंगची नवीन डाय (कापायचा साचा) फुकट दिली, माल कमी वाया जाणार होता, तरी बहुतेकांनी वापरलीच नाही. कारण कटरची मजुरी पीसवर आणि नवीन डायवर सुरुवातीला हात हळू चालतो, म्हणजे वाचलेला माल मालकाचा आणि बुडालेली मजुरी आपली! मग काही कारखान्यांत डाय नीट चालवून दाखवणाऱ्या कटरला साधारण महिन्याच्या कमाईएवढी रक्कम एकदाच दिली, आणि तिथे वापर वाढला. तुमच्याकडे कोणी सायकल टाईम (एका पीसला लागणारा वेळ) कमी केला तर नॉर्म (शिफ्टला किती पीस काढायचे तो आकडा) वाढतो का?

चाकणवाला:
वाढतो ना. एकाने डिबरिंगची (पार्टच्या धारदार कडा साफ करायच्या कामाची) ट्रॉली जवळ घेऊन वेळ वाचवला तर आठवड्यात आयईवाले (इंडस्ट्रियल इंजिनीअर, कामाचा वेळ मोजणारे) स्टॉपवॉच घेऊन हजर. त्याच्याशी आता लाईनवर कोणी धड बोलत नाही.

मेथड्सवाली:
मग झालं की, पोरं हुशार आहेत म्हणूनच गप्प आहेत.

पालघरी:
अजून एक, हे सगळं एका माणसाच्या जिवावर ठेवू नका. तारापूर-उंबरगावकडच्या कापड कारखान्यांत कन्सल्टंट लावून मोठा प्रयोग झाला होता, पहिल्या वर्षी उत्पादकता 17 टक्के वाढली. आठ-नऊ वर्षांनी बघितलं तर लावलेल्या पद्धतींपैकी निम्म्याच्या आसपास बंद, प्लँट मॅनेजर बदलला की गाडी रुळावरून खाली. त्यामुळे उत्तर द्यायचं काम शिफ्ट बदलतानाच्या मीटिंगमध्येच घाला, बोर्डावर सूचना, नाव आणि उत्तराची तारीख. आणि ते दोनचं टार्गेट आधी काढा बुवा.

चाकणवाला:
बोर्ड उद्याच लावतो. टार्गेट वरून आलंय, ते अवघड आहे. नॉर्मचं मात्र युनियनच्या करारात घालता येईल का, बोलणी सुरू होतायत?

टूलरूमकाका:
घाला की. सूचनेमुळे वेळ वाचला तर वर्षभर नॉर्म हलवायचा नाही. आणि लेखी घ्या, तोंडी नको.