पॉइंट टू-टू रायफलीसाठी मॅगझीन: पाचाचं, दहाचं की पंचवीसचं?

फोंडेकर (धागाकर्ता)

आमच्या फोंडा-डिचोली भागातले आम्ही काही परवानाधारक नेमबाज मिळून जादा मॅगझिनं (रायफलीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेट्या) मागवणार आहोत. रायफली सगळ्या पॉइंट टू-टूच्या (०.२२ इंच बोअर), बोल्ट ॲक्शन, म्हणजे प्रत्येक फायरनंतर बोल्ट हाताने ओढायच्या. बहुतेक सीझेड कंपनीच्या, एकाकडे रुगर अमेरिकन रिमफायर. सीझेडसोबत पाच काडतुसांचं मॅगझीन आलं, आणि सरावात ते सारखं काढून भरावं लागतं. तरुण मंडळींचं म्हणणं, एकदाच मोठं घेऊया. रुगरवाल्याला तर मार्ग सरळच आहे, कारण त्याच्या रायफलीत रुगरच्याच १०/२२ या सेमी-ऑटो (बोल्ट हाताने न ओढता चालणाऱ्या) रायफलीची मॅगझिनं बसतात. त्यात दहाचं गोल आहे, पंधराचं आहे आणि पंचवीसचं केळ्याच्या आकाराचंही आहे.

माझं मत आधीच सांगतो. रायफल ज्या कंपनीची, मॅगझीन त्याच कंपनीचं, आणि दहाच्या वर जाऊ नये. पंचवीसचं एक घेण्यापेक्षा दहाची दोन बरी. एक बिघडलं तर दुसऱ्यावर सराव चालू राहतो, आणि दोष मॅगझीनचा की रायफलीचा हे अदलाबदल करून लगेच कळतं. एकच मोठं असलं तर नुसता अंदाज करत बसावं लागतं.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारण देऊन लिहावं.

पेडणेकर_रेंजवाला

काका, मला पटत नाही. पाच-पाच राउंडांनी सरावाची लय तुटते. श्वास जमलेला असतो, गाल स्टॉकवर बरोबर टेकलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच मॅगझीन काढायचं, भरायचं, पुन्हा पहिल्यापासून बसायचं. दहाचं तर हवंच, माझ्या मते पंचवीसचंही चालेल. परदेशात लाखो लोक वापरतात. ते अडकत असतं तर कंपनीने इतकी वर्षं विकलं असतं का?

ताई_डिचोली

लय तुटते म्हणतोस, पण ५० मीटर रायफलीचा खेळच एकेक राउंड हाताने भरून खेळायचा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तिथे मॅगझीनमधून फायर करता येत नाही. पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, आडवं आणि उभं राहून) कांस्य घेतलं ते असंच, प्रत्येक काडतूस बोटांनी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खोबणीत) ठेवून. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत प्रोनमध्ये (पोटावर झोपून) जगज्जेती झाली तीही तशीच. दोघंही कोल्हापूरकडची, आपल्यापासून घाट चढला की तिथे. ज्याला स्पर्धेत उतरायचंय त्याची लय एकेका राउंडची असायला हवी. मी मुलींना शिकवते तेव्हा पहिलं मॅगझीन काढून घेते आणि सिंगल लोडिंगचा अडाप्टर लावते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पॉइंट टू-टूची गोळी म्हणजे उघडं, मऊ शिसं. मॅगझिनातून वर येताना ती रॅम्पला (चेंबरकडे नेणाऱ्या उताराला) किंवा चेंबरच्या काठाला घासली की नाकावर ओरखडा उठतो. एकदा काडतूस अर्धं आत ढकलून परत काढून बघा, शिशावर चकचकीत रेघ दिसेल. ५० मीटरवर त्या रेघेची किंमत गुणांत मोजावी लागते.

पेडणेकर_रेंजवाला

ताई, स्पर्धेचं मान्य. पण प्रत्येकजण थ्री पोझिशन खेळत नाही. आमच्यातले निम्मे हौशी आहेत, रविवारी कागदावर आणि लोखंडी टार्गेटवर मारणारे.

वेर्ण्याचा टूलरूमवाला

इथे मॅगझीन आतून कसं चालतं त्यावर कोणी बोलत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ चं. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड आहे, तीच रिम. केस (काडतुसाची धातूची नळी) साधारण ५.७ मिलिमीटर जाडीची आणि रिम ७ मिलिमीटरच्या जरा वर. म्हणजे काडतुसं एकावर एक रचली की मागची बाजू जाड आणि पुढची बारीक होते, आणि ढीग आपोआप वाकतो. पाच काडतुसांत हा बाक कळतही नाही, दहांत थोडा कळतो, पंचवीसांत पुरा दिसतो. लांब मॅगझीन वाकडं असतं ते यामुळेच. बाक जरा चुकीचा काढला की मधली काडतुसं तिरकी बसतात.

आता खरी मेख. वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे असली पाहिजे. ती मागे पडली तर बोल्ट वरचं काडतूस पुढे ढकलतो तेव्हा त्याची रिम खालच्यावर अडकते. यालाच रिमलॉक म्हणतात. जितकी जास्त काडतुसं, तितक्या जास्त ठिकाणी ही गोष्ट चुकायची शक्यता. बाजूचं बटण दाबून घाईघाईने भरलं तर अजूनच. म्हणून एकेक काडतूस मागे सरकवत भरावं, आणि भरून झाल्यावर मॅगझीनची मागची बाजू तळहातावर हलकेच आपटावी.

रुगरने १९६४ मध्ये १०/२२ काढली तेव्हा या अडचणीला बगल दिली. त्यांच्या दहाच्या मॅगझीनमध्ये ढीगच नाही. मध्ये फिरकी आहे आणि प्रत्येक काडतुसाला स्वतःचा खाचा. एकाची रिम दुसऱ्याला लागतच नाही, आणि वरची तोंडाची जागा पोलादी. माझ्या मते पॉइंट टू-टूसाठी आजवर बनलेलं सगळ्यात भरवशाचं मॅगझीन तेच. त्यामुळे रुगरवाल्या मित्राने दहाचं सोडून दुसरं शोधण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

स्विंडनचा म्हापशेकर

टूलरूमवाले बाब, यंत्राचं तुम्ही अगदी बरोबर सांगितलंत. पण निष्कर्षाशी मी सहमत नाही.

मी इंग्लंडात राहतो. इथे १९८८ च्या कायद्याने सेमी-ऑटो रायफली बंद झाल्या, पण पॉइंट टू-टू रिमफायर त्यातून वगळल्या, त्यामुळे सर्टिफिकेटवर १०/२२ मिळते. आमच्याकडे मिनी रायफल नावाचा प्रॅक्टिकल प्रकार खेळतात. एका स्टेजला बरीच टार्गेटं, धावत धावत, घड्याळ लावून. तिथे दहाचं मॅगझीन मध्येच संपतं आणि बदलण्यात वेळ जातो. रुगरचं पंचवीसचं, २०११ पासून मिळणारं, मी तिथेच वापरतो. त्याच्या लिप्स, म्हणजे वरचं काडतूस धरून ठेवणाऱ्या कडा, पोलादी आहेत. स्प्रिंगही नेहमीची वेटोळ्याची नाही, मेजरिंग टेपसारखी गुंडाळलेली पट्टी आहे. त्यामुळे पहिल्या काडतुसापासून शेवटच्यापर्यंत दाब जवळपास सारखा राहतो. लांब मॅगझिनात भरलेलं असताना दाब जास्त आणि रिकामं होताना कमी, हा जुना रोग तिने बराच घालवला.

लांब मॅगझिनांचं नाव खराब केलं ते बाहेरच्या कंपन्यांच्या प्लॅस्टिक लिप्सवाल्यांनी. २०११ च्या आधी तीच मिळायची, आणि त्यांच्या अनुभवावरून लोक आजही बोलतात. कंपनीचं अस्सल पंचवीसचं आणि ती एका तागडीत घालू नका.

फोंडेकर (धागाकर्ता)

म्हापशेकर, तुमचा खेळ वेगळा, त्यात पंचवीसचं लागतं हे मान्य. पण तो खेळ इथे नाही, आणि ती रायफलही नाही. आपल्या शस्त्र नियमांत सेमी-ऑटो रायफल प्रतिबंधित वर्गात जाते. प्रत्येक फायरनंतर हाताने बोल्ट ओढायचाच असेल तर पंचवीसच्या मॅगझीनने वाचलेले सेकंद जातात कुठे? शिवाय प्रोनमध्ये ते खाली जमिनीला टेकतं. सँडबॅगवर टेकवून मारताना रायफल खाली बसवताच येत नाही.

सत्तरीकर बागायतदार

माझा प्रश्न वेगळा आहे. काजूच्या बागेत खेती (माकडं) आणि रानडुकरं नुसता धुमाकूळ घालतात. पीक संरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची बंदूक आहे, तिच्यात दोनच काडतुसं. पॉइंट टू-टू आणि मोठं मॅगझीन घेतलं तर?

ताई_डिचोली

दादा, हा विचार सोडून द्या. रानडुक्कर आणि माकड दोन्ही वन्यजीव कायद्याखाली येतात, परवान्यावर बंदूक आहे म्हणून मारता येत नाहीत. आणि पॉइंट टू-टूने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन रानात जातं आणि तळमळत राहतं. भात-काजूची नुकसानी शेती खात्याकडे आणि वन खात्याकडे मांडा. तुमचं दुःख खरं आहे, पण त्यावर मॅगझीन हा इलाज नाही.

सत्तरीकर बागायतदार

समजलं ताई.

वास्को_जुना_एनसीसी

मॅगझीन निवडण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, आर्म्स ॲक्टमध्ये 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे भागही येतात. परदेशातल्या भावाने कुरियरने पाठवलं, किंवा सुटीवर येताना बॅगेत आणलं, असा उद्योग करू नका. परवाना असलेल्या डीलरकडून, कागद करूनच घ्या. म्हापशेकर, तुमच्या मित्रांनाही हे सांगा.

दोन, आपली हवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोव्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. पोलादी मॅगझीन फोमच्या केसमध्ये ठेवलं की फोम ओल धरतो आणि आतून तांबूस ठिपके येतात. निवडणुकीत हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात तेव्हा मॅगझीनही जातं, आणि परत येतं तेव्हा स्प्रिंग आतून खरखरते. मोठ्या मॅगझिनात लांब स्प्रिंग, म्हणजे गंजायला जागाही जास्त. मी एवढ्याच कारणासाठी लहान घेईन. आणि भरून ठेवू नका, स्प्रिंग मरते.

वेर्ण्याचा टूलरूमवाला

शेवटचं वाक्य सोडून सगळं मान्य. चांगल्या पोलादाची स्प्रिंग दाबून ठेवल्याने सहसा मरत नाही, वारंवार दाबून-सोडून थकते. पण प्लॅस्टिकच्या लिप्सचं तसं नाही. सतत दाब राहिला तर प्लॅस्टिक हळूहळू पसरतं आणि लिप्स उघडतात. मग काडतूस नको तितकं वर उसळतं. त्यामुळे रिकामं ठेवा हा सल्ला बरोबर आहे, फक्त त्याचं कारण लिप्समध्ये आहे.

गंजावर उपाय म्हणजे फोममधून बाहेर काढा, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा, आणि पुड्या मधूनमधून तापवून कोरड्या करा. आत तेल भरभरून ओतू नका. या काडतुसावर आधीच मेणाचा लेप असतो. मेण, तेल आणि दारूची काजळी मिळून चिकट काळा थर बसतो आणि फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारा तुकडा) अडखळायला लागतो. सुटं करता येत असेल तर सुटं करा, फडक्याने पुसा, ब्रश फिरवा, कोरडं करा, पोलादी भागावर तेलाचा नुसता हात फिरवा. रिमफायरचा स्फोटक मसाला रिममध्येच असतो. तिथे तेल झिरपलं तर राउंड फुसका जातो, आणि लोक दोष रायफलीला देतात.

पेडणेकर_रेंजवाला

वाचतोय, शिकतोय. तरी एक मुद्दा सोडत नाही. सगळे म्हणतायत जास्त क्षमता म्हणजे जास्त बिघाड. पण बायाथलॉनवाल्यांचं काय? थंडीत, धापा टाकत, सेकंदांवर खेळतात. त्यांच्याकडे मोठीच असणार ना?

ताई_डिचोली

पाचाचीच असतात. पॉइंट टू-टूच रायफल, पाच टार्गेटं, पाच राउंड, आणि जादा मॅगझिनं रायफलीच्याच स्टॉकवर खोचलेली. रिलेमध्ये तीन जादा राउंड मिळतात, तेही हाताने एकेक भरायचे. जगात बोल्ट ॲक्शन रिमफायर सगळ्यात वेगाने चालवणारे लोक लहान मॅगझीन बदलतात.

स्विंडनचा म्हापशेकर

ताई, तो नियमाचा भाग आहे, आवडीचा नाही. पाच टार्गेटं आहेत म्हणून पाच राउंड. त्यातून मोठं वाईट असं सिद्ध होत नाही.

ताई_डिचोली

बरोबर, सिद्ध होत नाही. पण वेगासाठी मोठंच लागतं हा समज तर खोटा ठरतो. पेडणेकरचा प्रश्न तेवढाच होता.

फोंडेकर (धागाकर्ता)

सध्या असं ठरतंय. सीझेडवाल्यांनी कंपनीचीच दहाची, प्रत्येकी दोन. ४५२, ४५५ आणि ४५७ मध्ये एकच मॅगझीन चालतं, त्यामुळे आपसात अदलाबदलही होईल. रुगरवाल्याने दहाची फिरकीवालीच. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने आकडा टाकायचा. अडकलं की वहीत लिहायचं, कितव्या क्रमांकाचं मॅगझीन, कुठला राउंड, काडतूस वर तोंड करून अडकलं की चेंबरच्या खालच्या काठाला. तेच मॅगझीन दुसऱ्या रायफलीत घालून बघायचं. दोष त्याच्यामागे गेला तर ते बाजूला. आणि काडतुसंही रोजचीच वापरायची. इंपोर्टेड मॅचच्या काडतुसांवर चाललेलं मॅगझीन आपल्या ऑर्डनन्सच्या (सरकारी दारूगोळा कारखान्याच्या) काडतुसांवर चालेलच असं नाही.

पेडणेकर_रेंजवाला

काका, रुगरवाला मीच. दहाची दोन घेतो, पण पंधराचंही एक मागवतो. बेंचवर ते खाली टेकत नाही असं मोजमाप काढून बघितलंय. आकडा टाकून तुमच्याच वहीत लिहीन.

फोंडेकर (धागाकर्ता)

माझा विरोध कायम आहे. पण मागव, आणि ऑर्डनन्सच्या काडतुसांवरच चालवून दाखव.