लॉबीतली टाकी: मासे इतक्यात आणायचे नाहीत

सेक्रेटरी (ए ५०१): नमस्कार मंडळी. लॉबीचं रंगकाम संपलं. लिफ्टसमोरची भिंत आता फारच ओकीबोकी दिसते. समितीत विषय निघाला की तिथे चार फुटी फिश टँक ठेवावा. मतं लिहा. नुसते अंगठे नकोत.

डी ४०४: (अंगठा)

सेक्रेटरी: ४०४, अहो आत्ताच लिहिलं ना!

डी ४०४: सवय हो. माझा होकार आहे. आपल्या लिफ्टची वाट बघायची तर समोर काहीतरी हलतं हवंच.

ए १०२ काका: आधी वजनाचं बोला. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच म्हणजे साधारण १२० × ४५ × ६० सेंमी. काठोकाठ ३२४ लिटर. वर थोडी जागा सोडली तरी ३०० किलो नुसतं पाणी. काच, वाळू, दगड, स्टँड धरून साडेचारशेच्या घरात जाईल. लॉबीखाली पार्किंग आहे हे विसरू नका. टाकी भिंतीला लागून आणि तुळईच्या जवळ ठेवायची. जागा मी ड्रॉइंग बघून सांगतो, तोवर कुणी खुणा करू नका.

ए १०२ काका: आणि स्टँड लेव्हल बॉटलने तपासायचा. एक पाय जरी अधांतरी राहिला तरी सगळा ताण एका कोपऱ्यावर येतो. मग मध्यरात्री सिलिकॉन सुटतं आणि ३०० लिटर पाणी लिफ्टच्या खड्ड्यात.

सी ६०३: मी सांगू का? नको या भानगडीत पडायला. मी गेल्या वर्षी दोन फुटी टाकी आणली. दुकानदाराने त्याच दिवशी १२ गोल्डफिश दिले. चौथ्या दिवशी सगळे वर येऊन तोंड उघडमीट करायला लागले. मी सगळं पाणी बदललं, फिल्टर नळाखाली चकाचक धुतला. नवव्या दिवशी टाकी रिकामी. दुकानदार म्हणाला, तुमच्या हाताला गुण नाही.

बी २०४ काकू: हाताला काही झालेलं नाही रे. टाकी ५४ लिटरची ना?

सी ६०३: हो काकू, बरोब्बर.

बी २०४ काकू: तेवढ्यात मी एकही गोल्डफिश ठेवणार नाही. तो वितभर वाढतो आणि नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. तू बारा आणलेस, तेही कोऱ्या टाकीत. पाण्यातला अमोनिया तपासला होतास?

सी ६०३: पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं.

बी २०४ काकू: अमोनिया दिसत नाही. कोरी टाकी स्वच्छ दिसते तेव्हाच माणूस फसतो. मासा मुख्यतः कल्ल्यांमधूनच अमोनिया बाहेर टाकतो, म्हणजे तो ज्यात श्वास घेतो त्यातच त्याचं विष मिसळत असतं. नदी-तळ्यात एका माशाच्या वाट्याला पाणी भरपूर येतं. आपल्या काचेच्या पेटीत ते काम जिवाणूंना करावं लागतं. एक जात अमोनियाचा नायट्राइट करते. तोही विषारी, माशाच्या रक्ताला ऑक्सिजन वाहू देत नाही. दुसरी जात नायट्राइटचा नायट्रेट करते. तो बराच सौम्य, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतो. हे जिवाणू पाण्यात कमी, फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूवर जास्त असतात. त्यांना वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुझे नुकते कुठे यायला लागले असतील आणि तू क्लोरीनच्या नळाखाली स्पंज धुतलास.

सी ६०३: म्हणजे मीच मारले.

बी २०४ काकू: माझे पहिले आठ मी असेच घालवले, बावीस वर्षांपूर्वी. तेव्हा सांगणारंही कुणी नव्हतं.

बी ३०१: काकू, आमच्या चिरंजीवांना काचेच्या बाऊलमध्ये फायटर मासा हवाय. त्याला म्हणे फिल्टर लागत नाही, वरची हवा घेतो.

बी २०४ काकू: वरची हवा घेतो हे खरं. डोक्यात त्यासाठी वेगळा अवयव असतो, भातखाचरांच्या उथळ पाण्यात त्यावरच तो तगतो. पण हवा घेता आली म्हणून अमोनिया चालतो असं नाही ना. २० लिटरची टाकी, मंद स्पंज फिल्टर, २५-२६ अंश ऊब आणि वर झाकण, तो उडी मारतो. बाऊल मुलाला खडूच्या डब्या ठेवायला द्या.

डी ४०४: गोल्डफिशला तीन सेकंदच आठवतं म्हणे. मग बाऊलचा कंटाळा तरी कसा येणार?

बी २०४ काकू: फॉरवर्डमधलं ज्ञान. गोल्डफिशना ठरावीक वेळी कळ दाबून खाणं मिळवायला शिकवलेलं आहे, आणि शिकलेलं ते महिनोन् महिने विसरत नाहीत. आमच्या घरी मी चष्मा लावून उठले की सगळे पुढच्या काचेशी हजर. यजमान उठले तर ढिम्म हलत नाहीत.

सेक्रेटरी: मग ठरवायचं काय? बसवणारा म्हणतो, शनिवारी टाकी, रविवारी मासे, सोमवारी उद्घाटन.

बी २०४ काकू: टाकी शनिवारी येऊ दे. मासे महिन्याने. हे मान्य असेल तर मी हात घालते, नाहीतर भिंतीवर चित्र लावा.

खजिनदार (ए ३०३): महिनाभर रिकामी टाकी बघून लोक मला विचारणार, पैसे कुठे गेले?

बी २०४ काकू: रिकामी नसेल. वाळू, लाकूड, झाडं सगळं असेल. अनुबियास आणि जावा फर्न लावू, दोघांना कमी उजेड पुरतो. फक्त त्यांचा आडवा खोडासारखा भाग वाळूत पुरायचा नाही, कुजतो. दोऱ्याने लाकडाला बांधायचा. पाण्यात अमोनिया आपण बाहेरून घालू, २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन), म्हणजे जिवाणूंना खायला मिळेल आणि कुणी मरणार नाही. माझ्या टाकीतला एक जुना स्पंज नव्या फिल्टरमध्ये कोंबते, विरजण लागेल. घातलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य झाला की मासे आणायचे. तोवर टेस्ट किटची बाटली कुणीतरी रोज हलवायची.

सी ६०३: मी हलवतो.

ए १०२ काका: पीएच पण बघ रे. तोच अमोनिया पीएच ७ ऐवजी ८ असताना जवळपास दहापट घातक. शाळेत हे वाचलं होतं, उपयोग आत्ता झाला.

सी ४०१: पाणी कुठलं वापरणार? गच्चीच्या टाकीचं?

बी २०४ काकू: तेच, पण अँटी-क्लोरीन घालून. नुसता क्लोरीन असेल तर उघड्या पिंपात एअर पंप सोडला की दिवसभरात उडून जातो. क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन-अमोनियाची जोडी असेल तर तो बसतो ठाण मांडून. थेंब घालणं सोपं.

डी ४०४: आता मासे निवडूया! मला एक एंजल, दोन टायगर बार्ब, चार निऑन आणि काच साफ करायला एक सकर.

बी २०४ काकू: टायगर बार्ब एंजलचे पंख कुरतडणार. एंजल मोठा झाला की निऑन गिळणार. आणि सकर हा सफाई कामगार नाही. तो फूटभर नि वर वाढतो, त्याचीच घाण सगळ्यात जास्त. मग नको झाला की लोक तलावात सोडतात आणि तिथल्या माशांच्या मुळावर येतो. आपल्या टाकीतला कुठलाही मासा तलावात, नाल्यात, कुठेच सोडायचा नाही, हे समितीच्या वहीत लिहून ठेवा.

बी ३०१: गप्पी?

बी २०४ काकू: गोड आहेत. महिन्याला पिल्लं घालतात. नर काढून घेतले तरी मादी पुढे कित्येक महिने घालतच राहते. दिवाणखान्यात ठीक, सोसायटीत रजिस्टर ठेवावं लागेल.

बी २०४ काकू: माझं मत: झेब्रा डॅनियो १०, ते चिवट असतात. महिन्याने तळाला कोरिडोरास ६, त्यांच्या मिशा शाबूत राहाव्या म्हणून बारीक वाळू. मग चेरी बार्ब. प्रत्येक रंगाचा एक-एक असं मांडू नका. थव्याचे मासे एकटे ठेवले की कोपऱ्यात अंग चोरून बसतात. दहा एकत्र वळले की बघा.

डी ४०४: जाता जाता माहिती: लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय १८५३ मध्ये उघडलं, आणि ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ केला फिलिप हेन्री गॉस यांनी, १८५४ मध्ये. हे फॉरवर्ड नाही, शोधून आणलंय.

बी २०४ काकू: शाब्बास. मग त्याआधीच्या संशोधक जान विलप्रो-पॉवर पण शोधा. १८३० च्या दशकात त्यांनी काचेच्या टाकीत अर्गोनॉट, म्हणजे कवचवाला ऑक्टोपस ठेवून त्याचं कवच तो स्वतःच बनवतो हे सिद्ध केलं.

सी ४०१: लाईट गेली तर?

ए १०२ काका: जनरेटरवर लिफ्ट आणि जिन्याचे दिवे आहेत. फिल्टर आणि एअर पंप त्याच लाईनवर घेतो. पाणी २० अंशांना लिटरमागे जेमतेम ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, ३० अंशांना साडेसात. उन्हाळ्यात तासाभराने मासे वर यायला लागतील. आणि वायर सॉकेटपर्यंत सरळ न्यायची नाही, खाली झोल द्यायचा, म्हणजे पाणी ओघळलं तर झोलाशी गळेल, प्लगमध्ये जाणार नाही. ईएलसीबीशिवाय, म्हणजे वीज गळली की लाईन तोडणाऱ्या स्विचशिवाय मी सही करणार नाही.

बी २०४ काकू: सेक्रेटरी, अजून दोन गोष्टी. डासांची फवारणी असेल त्याची मला आदल्या दिवशी खबर हवी. ती औषधं माशांना फार घातक, आणि एअर पंप लॉबीतली हवाच पाण्यात ढकलतो. तेवढा वेळ पंप बंद, वर ओली चादर. दुसरं, झाडूवाल्या मावशींना सांगा, टाकीची काच नुसत्या ओल्या फडक्याने. काच पुसायच्या बऱ्याच स्प्रेमध्ये अमोनियाच असतो.

सेक्रेटरी: नोंद घेतली. टाकी शनिवारी.

*(१३ दिवसांनी)*

खजिनदार: पाणी दुधासारखं पांढरं झालंय! बदलायला सांगू का?

बी २०४ काकू: अजिबात नको. जिवाणूंचा पूर आलाय, चार-पाच दिवसांत ओसरेल. कुणी हात लावू नका.

सी ६०३: अमोनिया १, नायट्राइटचा रंग गर्द जांभळा, पट्टीच्या बाहेर.

बी २०४ काकू: पहिली पलटण आली, दुसरी वाटेवर आहे.

डी ४०४: पाहुण्यांनी विचारलं मासे कुठे आहेत. मी म्हणालो, लाजाळू आहेत.

*(२९ दिवसांनी)*

सी ६०३: काल रात्री ९ ला २ पीपीएम घातला. आज रात्री ९ ला अमोनिया ०, नायट्राइट ०. फोटो टाकतोय. नायट्रेट मात्र ८०.

बी २०४ काकू: उद्या तीन चतुर्थांश पाणी बदलू, नायट्रेट २० च्या आसपास येईल. हीटर आधी बंद कर, पाण्याबाहेर तापला तर तडकतो. परवा डॅनियो. पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगू दे, मग थोडं थोडं आपलं पाणी पिशवीत. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

*(३८ दिवसांनी)*

सेक्रेटरी: सर्वांना विनंती. टाकीत हातातला खाऊ टाकू नये. आज वाळूवर चुरा सापडला. कुणाच्या मुलांनी ते विचारत नाही.

बी ३०१: आमच्या. माफ करा. तो म्हणतो, ते भुकेले दिसत होते.

बी २०४ काकू: ते कायम भुकेलेच दिसतात, माझ्या भाच्यासारखे. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. उरलेलं कुजून पुन्हा अमोनिया. त्याला शनिवारी पाठवा, मी सायफनने गाळ कसा ओढायचा ते दाखवते. आणि काचेवर टकटक करू नको म्हणावं, माशांच्या अंगावर बाजूला एक रेघ असते, ती प्रत्येक हादरा टिपते.

सी ६०३: स्पंजावर गाळ साठलाय. धुऊ का?

बी २०४ काकू: कुठे धुशील?

सी ६०३: टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत, दोनदा पिळून. नळाखाली नाही.

बी २०४ काकू: ठीक. मी सोमवारी बहिणीकडे जातेय, पाच दिवस. औषधांच्या सात कप्प्यांच्या डबीत रोजचा वाटा भरून वॉचमनकाकांकडे ठेवलाय. एक दिवस, एक कप्पा. शुक्रवारचा मुद्दाम रिकामा आहे, त्यांना उपास. एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घालू नका.

*(मंगळवार)*

सी ६०३: मंगळवारचा कप्पा दिला. अमोनिया ०, नायट्राइट ०. पण डॅनियो नऊच दिसतायत.

बी २०४ काकू: जमिनीवर बघ. झाकण बंद आहे?

सी ६०३: बंद आहे. जमीन कोरडी.

बी २०४ काकू: फिल्टरच्या मागे?

सी ६०३: ३०१ च्या चिरंजीवांना सापडला, लाकडाच्या पोकळीत. दहा.